आजीचा लळा हवा, पण शेवटचा शब्द कोणाचा? बाळाच्या संगोपनातली घरातली रेघ कशी आखायची, समजून घ्या

रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. डेस्कवर शेवटच्या दोन बातम्या अपलोड करायच्या बाकी होत्या आणि बायकोचा फोन आला. आवाज दबका, म्हणजे ती बाथरूमचं दार लावून बोलत होती.

"आईंनी चिऊला मध चाटवला. मी नको म्हणाले होते, तरी."

"किती?"

"बोटभर."

"अगं, एवढ्याने काय होतंय? मीपण मध चाटूनच मोठा झालोय."

पलीकडून फोन कट झाला.

लेक तेव्हा सात महिन्यांची होती. तिला काही झालं नाही, पण पुढचे दोन दिवस आमच्या पुण्यातल्या टू बीएचकेमध्ये भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजत होती. बायको माझ्याशी बोलत नव्हती. साताऱ्याहून खास नातीसाठी येऊन राहिलेली माझी आई बॅग भरायची भाषा करत होती. मध चाटवणं ही आईची चूक होती. पण माझं 'एवढ्याने काय होतंय' हे वाक्य त्याहून महागात पडलं, हे कळायला मला बराच वेळ लागला.

अर्थसंकल्पापासून मान्सूनपर्यंत सगळं आम्ही डेस्कवर सोपं करून सांगत असतो. मात्र लहान मूल असलेल्या बहुतेक घरांत रोज धुमसणारा हा विषय 'घरोघरी मातीच्या चुली' म्हणून सोडून दिला जातो. आजी-आजोबांनी नातवंडांच्या बाबतीत कुठपर्यंत बोलावं, आई-बाबांनी कुठे थांबवावं आणि थांबवायचं तर कसं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

भांडण नेमकं कशावरून होतं?

वरवर पाहिलं तर विषय अगदी छोटे असतात. घुटी द्यायची की नाही, डोळ्यांत काजळ घालायचं का, जेवताना मोबाइल दाखवायचा का, चहात बुडवलेलं बिस्कीट चालेल का, शी-शू शिकवायला कधी सुरुवात करायची, रडलं की लगेच उचलायचं का.

खोलात गेलं की तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. पहिली बाळाच्या सुरक्षिततेची. दुसरी घरातल्या सवयी आणि आवडीनिवडींची. तिसरी अधिकाराची, म्हणजे शेवटचा शब्द कोणाचा याची.

घोळ होतो तो या तिन्ही एकमेकांत मिसळल्यामुळे. सून म्हणते, "मध देऊ नका." सासूबाईंना ऐकू येतं, "तुम्हाला काही कळत नाही." सासूबाई म्हणतात, "आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?" सुनेला ऐकू येतं, "तू आई म्हणून कमी पडतेस." मध बाजूलाच राहतो.

सगळ्यांत जास्त जखम करणारा प्रकार मात्र खाण्यापिण्याचा नाही. आईने मुलाला एखाद्या गोष्टीला 'नाही' म्हटलं आणि पुढच्याच मिनिटाला आजी किंवा आजोबांनी "आई ओरडली का माझ्या सोन्याला? ये इकडे, मी देते" असं म्हणत तीच गोष्ट हातात ठेवली, तर मूल दोन गोष्टी शिकतं. एक, आईचं 'नाही' खरं नसतं. दोन, रडलं की दुसरं दार उघडतं. तीन वर्षांच्या मुलाला हे गणित फार लवकर जमतं.

हे नेमकं सहा महिन्यांनंतरच का पेटतं?

प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. म्हणजे साधारण सहा महिने. बाळाचं वरचं खाणं सुरू करायची वेळही नेमकी सहा महिन्यांची. ज्या आठवड्यात आई कामावर परत जाते, जवळपास त्याच सुमारास बाळाची वाटी-चमचा आजीच्या हातात येतो. तोवर बाळाच्या पोटात काय जातं हे फक्त आई ठरवत होती. आता ती दिवसाचे नऊ-दहा तास घराबाहेर असते आणि घरात कोणी काय भरवलं हे तिला संध्याकाळी कळतं, तेही सगळं कळेलच असं नाही.

याच दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं बंधनकारक केलं. तरी आपल्या ऑफिसात पाळणाघर पाहिलेले किती जण आहेत, हे ज्याने-त्याने आठवून पाहावं. बाहेरचं चांगलं पाळणाघर शोधणं आणि ते परवडणं हा आणखी वेगळा प्रश्न. त्यामुळे 'आईंना बोलावून घेऊ' हाच बहुतेक घरांतला पहिला आणि शेवटचा पर्याय ठरतो.

बाबांचं काय? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी क्षेत्रात मात्र अशी रजा द्यायलाच हवी असा कायदा नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, तर असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. थोडक्यात, बाळाचा दिवस दोन बायका मिळून पार पाडतात आणि त्यांच्यात खटका उडाला की पुरुष म्हणतो, "तुमचं तुम्ही बघून घ्या." मीही तेच म्हणत होतो.

आजी हट्टी असते की तिची माहिती जुनी असते?

हा लेख लिहिताना मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवून गेलेली गोष्ट ही.

आज डॉक्टर सांगतात, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. पण जागतिक आरोग्य संघटनेची ही शिफारस २००१ पासूनची. त्याआधी चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान वरचं सुरू करा, असंच सांगितलं जायचं. माझा जन्म नव्वदच्या दशकातला. तेव्हा माझ्या आईने चौथ्या महिन्यात मला भाताची पेज पाजली, ती त्या काळाच्या सल्ल्याला धरूनच. तिने नियम मोडला नव्हता. नियम बदलला, आणि तो बदलल्याचं तिला कोणी सांगितलंच नाही.

डब्यातल्या दुधाचंही तसंच. एके काळी गुटगुटीत बाळांच्या जाहिराती करून ही पावडर घरोघरी पोहोचवली गेली. आपल्याकडे १९९२ मध्ये कायदा करून अशा जाहिरातींवर बंदी घालावी लागली. जाहिरातींच्या त्या काळात आई झालेल्या आजीला आजही 'डब्याचं दूध म्हणजे ताकद' वाटत असेल, तर नवल नाही.

दुसरी बाजूही पाहा. काही बाबतींत आजीच पुढे असते. चाकांच्या खुर्चीसारखे बसवून चालवायचे वॉकर आज दुकानांत सर्रास मिळतात, पण अपघातांच्या धोक्यामुळे बालरोगतज्ज्ञ ते नको म्हणतात. कॅनडाने तर २००४ मध्ये त्यांच्यावर बंदीच घातली. आजीच्या माळ्यावरचा लाकडी पांगुळगाडा मात्र वेगळा. त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून तो पुढे ढकलतं. नाचणीचं सत्त्व, मऊ वरण-भात-तूप, हलक्या हाताची तेलमालिश, अंगाई, दिवसभर बाळाशी चालणाऱ्या गप्पा, यांतलं काहीही आपल्याला कुठल्या अ‍ॅपवर फुकट मिळत नाही.

म्हणून पहिली पायरी मनातली. आजीला अडाणी समजणं थांबवायचं. आपल्या मोबाइलमधलं प्रत्येक अ‍ॅप अपडेट मागतं, आजीच्या माहितीचंही तसंच आहे. आपली माहितीही वीस वर्षांनी जुनी होणार आहे.

आधी यादी करा: तीन रकाने

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या तासाला 'टॉलरन्स' शिकवतात. भागाचं माप ५० मिलिमीटर लिहिलं तरी त्यापुढे अधिक-उणे किती चालेल हेही लिहावं लागतं. काही ठिकाणी मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही. काही ठिकाणी केसाएवढा फरक पडला तरी यंत्र बंद पडतं. प्रत्येक मापावर सारखाच काटेकोरपणा लावला तर भाग कधी बनतच नाही.

घरातली रेघही अशीच आखायची. नवरा-बायकोने आधी एकत्र बसून, आजी-आजोबांशी बोलण्यापूर्वी, कागदावर तीन रकाने करावेत.

पहिला रकाना: इथे तडजोड नाही

यात फक्त बाळाच्या जिवाशी आणि आरोग्याशी थेट संबंध असलेल्या गोष्टी.

• एक वर्षापर्यंत मध नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं आतडं त्यांना दाद देत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. त्यातून बाळ मलूल पडतं, रडण्याचा आवाज क्षीण होतो, दूध ओढता येत नाही. हा आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर जिवावर बेततो. मध घरचा असो वा रानातला, धोका तोच. घरी उकळूनही हे बीजाणू मरत नाहीत.

• सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नाही, घुटीही नाही. सहाणेवर किती वेढे उगाळायचे हे हाताच्या अंदाजावर असतं, त्यामुळे पोटात किती गेलं याचा हिशोब लागत नाही. सहाण आणि पाणी किती स्वच्छ, हा प्रश्न आहेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सहा महिन्यांखालच्या फक्त ६३.७ टक्के बाळांना निव्वळ आईचं दूध मिळतं. उरलेल्यांना पाणी, वरचं दूध किंवा आणखी काही ना काही दिलं जातं. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं आणि थेंब अर्थातच याला अपवाद.

• नाकात-कानात तेल नाही. नाकात घातलेलं तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात जाऊ शकतं. मालिश करा, टाळूवर हलक्या हाताने तेल लावा, पण दाबू नका आणि थेंब सोडू नका.

• डोळ्यांत काजळ नाही. काही काजळांत शिसं सापडलेलं आहे, आणि बोटाने डोळ्याला संसर्ग होऊ शकतो.

• बंद खोलीत शेगडीची धुरी नाही. अंघोळीनंतरचा ओवा-वावडिंगाचा धूर मायेने दिलेला असला तरी तान्ह्या फुफ्फुसांसाठी तो धूरच.

• अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं लहान मुलांना नाहीत. घशात अडकण्याचा धोका असतो. कूट करून किंवा चिरून द्या.

• झोपवायचं ते पाठीवर.

• मारणं नाही, कोंडून ठेवणं नाही.

दुसरा रकाना: बोलून ठरवायचं

• मोबाइल आणि टीव्ही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये जवळपास हेच सांगितलं. पण आठ तास एकटीने मूल सांभाळणाऱ्या ६२ वर्षांच्या बाईला 'मोबाइल अजिबात नको' म्हणताना, त्या वेळात तिने दुसरं काय करावं याची सोय आपण करायला हवी. मदतीला कोणी, खेळणी, संध्याकाळी बागेत नेणारा माणूस. लांब राहणाऱ्या आत्या-मामाशी व्हिडीओ कॉलवरच्या दोन गप्पांना मात्र सहसा हरकत नसते.

• साखर, मीठ, चहा-बिस्कीट. वर्षभरापर्यंत खाण्यात वरून मीठ-साखर नको, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. चहाने पोट भरतं आणि अन्नातलं लोह शरीरात शोषलं जाण्यात अडथळा येतो. त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. हा आकडा समोर ठेवला की चहात बुडवलेल्या बिस्किटाकडे पाहण्याची नजर बदलते.

• झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा, नवीन खेळणी, 'बागुलबुवा येईल' किंवा 'पोलीस धरून नेतील' अशी भीती घालणं, शेजारच्या मुलाशी तुलना, रंगावरून शेरे. यांतलं एकही वाक्य लगेच अपाय करत नाही, पण रोज ऐकलं की मुलाच्या मनात मुरतं.

तिसरा रकाना: आजीचा हक्क

हा रकाना रिकामा ठेवू नका. यादीतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना हाच.

दृष्ट काढायची आहे? काढू द्या. मीठ-मोहऱ्यांनी बाळाचं काही बिघडत नाही, फक्त धूर लांब ठेवा. काळी तीट लावायची आहे? डोळ्यांऐवजी तळपायाला किंवा कानामागे लावा. उष्टावणाला मामाच्या मांडीवर बसवायचं, बारशाला कुंची घालायची, झबलं कुठल्या रंगाचं शिवायचं, दुपारी कुठली गोष्ट सांगायची, आठवड्यातून एकदा शिरा करायचा (बाळ वर्षा-दोन वर्षांचं झाल्यावर), हे सगळं आजीचं. इथे आपण 'असं नको, तसं करा' म्हणायचं नाही. पहिल्या रकान्यातल्या आठ गोष्टी ऐकून घ्यायच्या असतील, तर तिसऱ्या रकान्यातल्या ऐंशी गोष्टी मोकळ्या सोडाव्या लागतात.

बोलायचं कोणी?

या लेखात माझं एक ठाम मत असेल तर ते हे: ज्याचे आई-वडील, त्याने बोलायचं.

आजी वडिलांकडची असेल तर बोलणं मुलाचं काम. सुनेने सांगितलं की ते 'उलट बोलणं' ठरतं, मुलाने सांगितलं की 'आमचा बाब्या जरा काळजी करतो' होतं. हे योग्य नाही, पण आपल्याकडची घरं आज तरी अशीच चालतात. सुनेकडे आधीच परकेपणाचं ओझं असतं, त्यावर हे आणखी टाकू नये.

नियम उलट बाजूनेही लागू आहे. बाळंतपण माहेरी होतं, पहिले काही महिने बाळ आईच्या आईकडे असतं आणि हस्तक्षेप तिकडूनही होतो. "जावईबापूंना काय कळतंय" असं म्हणत परस्पर निर्णय घेणाऱ्या आज्या काही कमी नाहीत. तिथे मुलीने बोलायचं. जावयाने वाद घालायला जाऊ नये.

आणि बोलण्याआधी नवरा-बायकोचं एकमत हवं. मतभेद असतील तर ते बंद दाराआड मिटवा. आजीसमोर नवरा म्हणाला, "मला काही प्रॉब्लेम नाही, हिलाच नको असतं," की सगळी रेघ पुसली गेली आणि बायको एकटी पडली.

बोलायचं कसं?

वेळ निवडा. बाळ रडत असताना, चमचा हातात असताना, पाहुणे बसलेले असताना नाही. दुपारचा चहा किंवा रात्रीची जेवणं झाल्यावरची वेळ बरी.

सुरुवात कामाच्या कदराने करा, आणि ती खरी असू द्या: "आई, तू आहेस म्हणून आम्ही दोघं निर्धास्त कामावर जातो."

मग एकच मुद्दा, तोही स्पष्ट: "एक वर्षापर्यंत मध द्यायचा नाही, असं आमचं ठरलंय. डॉक्टरांनीही तेच सांगितलंय." 'जमलं तर', 'शक्यतो' असे शब्द पहिल्या रकान्यातल्या गोष्टींना लावू नका. 'शक्यतो नको' याचा अर्थ आपल्याकडे 'कधीतरी चालेल' असाच घेतला जातो.

आई म्हणेल, "तुला दिला तेव्हा काही झालं नाही." त्यावर तिच्याशी वाद घालू नका. "नाही झालं, आपलं नशीब चांगलं. तेव्हा हे कोणी सांगतच नव्हतं. आता माहिती असून दिला आणि काही झालं, तर तुला आणि मला आयुष्यभर लागून राहील." हे उत्तर मी शेवटी दिलं होतं. आई गप्प झाली. पटली की नाही माहीत नाही, पण थांबली.

'नाही'सोबत एक 'हो' द्या. मध नको, पण सहा महिने झाले आहेत, केळं तू कुस्करून भरव. काजळ नको, पण तीट तूच लाव.

आणखी एक साधा उपाय: पुढच्या लसीकरणाला आजीला सोबत घेऊन जा आणि तिला तिचे प्रश्न डॉक्टरांना स्वतः विचारू द्या. तुम्ही दहा वेळा पाठवलेल्या लिंकपेक्षा समोर बसलेल्या डॉक्टरांचं एक वाक्य जास्त काम करतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लेख पाठवून समजावण्याच्या भानगडीत पडू नका, हाही लेख थेट फॅमिली ग्रुपवर टाकू नका. सगळ्या नातेवाइकांसमोर टोमणा मारल्यासारखं होईल.

एवढं सांगूनही ऐकलं नाही तर?

पहिल्यांदा झालं तर विसरणं समजा. आठवण करून द्या.

दुसऱ्यांदा झालं तर कारण विचारा. बऱ्याचदा हट्ट नसतो, अडचण असते. बाळ जेवत नाही म्हणून मोबाइल लावला जातो. कंबर दुखते म्हणून दोन तास टीव्हीसमोर बसवलं जातं. अडचण सोडवली की प्रकार थांबतो.

तरीही पहिल्या रकान्यातली गोष्ट लपूनछपून होत राहिली, किंवा "आईला सांगू नको हं" असं मुलाला शिकवलं जाऊ लागलं, तर व्यवस्था बदलावी लागते. अर्धा दिवस पाळणाघर, सांभाळायला एखादी ताई, दोघांच्या शिफ्टची फेररचना, किंवा आजीच्या भेटी घरात आपण असताना. ती बदलताना शिक्षेची भाषा नको. "तू ऐकत नाहीस म्हणून" ऐवजी "तुझ्यावर फार भार पडतोय, शिवाय या गोष्टींत आम्हाला जोखीम नको" एवढं पुरे. आणि एक धमकी कधीच द्यायची नाही: "नातवंड भेटू देणार नाही." आजीवर राग काढण्यासाठी मूल हत्यार म्हणून वापरलं, की त्यात हरणारं एकच माणूस असतं आणि त्याला अजून बोलताही येत नसतं.

हे पर्याय सगळ्यांना परवडणारे नाहीत, याची जाणीव आहे. घर सासऱ्यांच्या नावावर, पगार एकच किंवा तुटपुंजा, पाळणाघर लांब. अशा घरात रेघ लहान ठेवा. पहिल्या रकान्यातल्या दोन-तीन जिवावरच्या गोष्टी पकडा, बाकी सोडून द्या.

रेघ आपल्यालाही लागू होते

आजीने आपल्या निर्णयांत पडू नये असं म्हणताना, तिचं आयुष्य आपण गृहीत धरलंय का, हेही तपासायला हवं.

साताऱ्याला माझ्या आईची भिशी आहे, भजनी मंडळ आहे, शेजारी आहेत, अंगणातली जास्वंद आहे. ते सगळं सोडून ती तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आली. तिथे तिच्या ओळखीचं कोणी नाही आणि खाली जायचं तर लिफ्टचं बटण कुठलं इथपासून सुरुवात. वडील तिकडे एकटेच जेवतात. आठ महिन्यांत तिला एकही सुट्टी मिळाली नव्हती. पगाराचा तर प्रश्नच नाही. आणि आम्ही तिच्या हातात जेवणाच्या वेळांचा तक्ता दिला होता.

ज्या घरात माणसाला फक्त सूचना मिळतात, तिथे ते कुठेतरी स्वतःचा शब्द चालवायला बघतंच. तिच्यासाठी तो मधाचा चमचा होता.

म्हणून आपल्या बाजूच्या अटीही लिहा. आठवड्यातून एक पूर्ण दिवस आजीची सुट्टी. दोन महिन्यांतून एकदा गावाची फेरी. औषधपाण्याचा खर्च न मागता. संध्याकाळी घरी आल्यावर पहिलं वाक्य 'काय भरवलं?' ऐवजी 'तुझा दिवस कसा गेला?' आणि नातवंडं सांभाळायला 'नाही' म्हणण्याचा हक्क तिलाही आहे, हे मान्य करणं.

कायदा काय सांगतो?

अज्ञान मुलाचे नैसर्गिक पालक आई-वडील असतात. ते सक्षम असताना मुलाच्या संगोपनाचे निर्णय त्यांचे असतात. त्याच वेळी, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या आई-वडिलांना सांभाळण्याची जबाबदारी मुला-मुलींवर आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत सज्ञान नातवंडंही येतात. म्हणजे संगोपनात रेघ आखली म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवायची मोकळीक मिळत नाही. पण घरातला हा प्रश्न कायद्यापर्यंत न्यायची वेळ आली, तर तो कधीच घरातला राहिलेला नसतो.

मग आमच्याकडे काय झालं?

त्या मधाच्या रात्रीनंतर तिसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. आधी बायकोची माफी मागितली, 'पण' न लावता. मग आईशी बोललो. तीन रकान्यांचा कागद काढला, तेव्हा तिसरा रकाना तिने स्वतः भरला. तिची यादी आमच्यापेक्षा मोठी निघाली. त्यात शेवटी तिने लिहिलं होतं, 'शनिवारी मी सुट्टीवर.'

सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर खोटं ठरेल. मागच्याच आठवड्यात चिऊच्या ओठांना बिस्किटाचा चुरा दिसला आणि घरात कोणालाच काही माहीत नव्हतं. मोबाइलवरून अजून अधूनमधून खटके उडतात. पण आता फोन आला की मी 'एवढ्याने काय होतंय' म्हणत नाही. 'मी बोलतो' म्हणतो, आणि घरी गेल्यावर खरंच बोलतो.

लेक आता सव्वा वर्षाची आहे. वर्ष उलटल्यावर डॉक्टरांना विचारून मध चाटवायचा ठरला, तेव्हा बायकोने बाटली उघडली आणि चमचा सासूबाईंच्या हातात दिला. आईने तो भरवला, आणि मग डोळे पुसत लेकीच्या तळपायाला तीट लावली.